मार्क ट्वेनची चिकटवही

मार्क ट्वेन म्हटलं की टॉम सॉयर आणि त्याचं ते कुंपण आठवतं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये इंग्लिशला तो धडा होता. कुंपण रंगवायचं काम टॉम मित्रांच्या गळ्यात मारतो आणि वर त्यांच्याकडूनच खाऊ आणि खेळणी उकळतो. (वर्कशॉपमध्ये जॉब घासून घ्यायला आमच्या बॅचमध्ये काहीजण हीच पद्धत वापरतात, पण तो विषय वेगळा!) मात्र या टॉमच्या बापाच्या नावावर अमेरिकेची तीन पेटंट होती, आणि त्यातल्या ज्या एकाने पैसा दिला ते चिकटवहीचं होतं, हे त्या धड्यात कुठेच नव्हतं. चिकटवही म्हणजे आपली स्क्रॅपबुक. लाखो शब्द लिहिणाऱ्या माणसाचा हा शोध म्हणजे एक कोरी वही!

मला हे कळलं ते सेंडऑफमुळे. आमच्या डिपार्टमेंटमध्ये टीईची मुलं बीईवाल्यांसाठी दरवर्षी एक चिकटवही करतात आणि यंदा पानांचे लेआउट काढायचं काम माझ्याकडे आलं. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. लेआउट स्केच म्हणजे पानाचा कच्चा आराखडा. त्यात फोटो नसतात, रंग नसतात, नुसते चौकोन. मोठा चौकोन म्हणजे मुख्य फोटो, शेजारी दोन लहान चौकोन म्हणजे बाकीचे फोटो, आडव्या रेघा म्हणजे मजकूर आणि वरची पट्टी म्हणजे शीर्षक. मशीन ड्रॉइंगच्या असेंब्लीसारखंच, फक्त डायमेन्शन्स नाहीत. तेच स्केच ९० अंशात फिरवा, आरशात दिसेल तसं उलटं करा, मोठ्या फोटोच्या जागी एखादं पत्र लावा, की नवीन पान तयार.

तर यावरून वर्गात दोन तट पडले. एका गटाचं म्हणणं, तयार स्केच बघून पान करणं म्हणजे कॉपी. जर्नल उतरवून काढण्यात आणि यात फरक काय? मी अर्थातच दुसऱ्या गटात. भांडणासाठी मुद्दे गोळा करायला म्हणून मी चिकटवहीचा इतिहास वाचायला घेतला आणि त्यात हा पांढऱ्या मिशांचा माणूस भेटला. मी त्याला अरे-तुरे करणार आहे. लेखक लाडका असला की मराठीत आपण करतोच.

त्याचं खरं नाव सॅम्युएल लँगहॉर्न क्लेमेन्स. जन्म ३० नोव्हेंबर १८३५, अमेरिकेतल्या मिसुरी राज्यातल्या फ्लोरिडा नावाच्या छोट्या गावात. तो चार वर्षांचा असताना कुटुंब मिसिसिपी नदीकाठच्या हॅनिबलला आलं. टॉम सॉयरचं गाव ते हेच. १८४७ मध्ये वडील वारले तेव्हा सॅम ११ वर्षांचा होता. लवकरच शाळा सुटली आणि तो गावातल्या छापखान्यात उमेदवार म्हणून लागला. रोख पगार नाही. जेवण आणि कपडे हीच कमाई, आणि कपडेही मालकाने वापरून झालेले.

तिथे तो खिळे जुळवायला शिकला. आपल्या पिढीने हे काम बघितलेलं नाही, म्हणून जरा सविस्तर सांगते, कारण पुढची सगळी कथा या कामावर उभी आहे. प्रत्येक अक्षराचा शिशाच्या मिश्रधातूचा एक खिळा. अक्षर त्यावर उलटं. कप्प्याकप्प्यांच्या पेटीतून एकेक खिळा उचलायचा आणि डाव्या हातातल्या धातूच्या पट्टीत ओळीने लावायचा. ओळ भरत आली की शब्दांमधल्या जागा कमी-जास्त करून ती दोन्ही कडांना नेमकी टेकवायची. कॉम्प्युटरवर आपण जस्टिफायचं बटण दाबतो ना, ते काम माणूस बोटांनी करायचा. अशा ओळींचा कॉलम, कॉलमची चौकट, चौकटींचं पान. छापून झालं की हजारो खिळे परत आपापल्या कप्प्यात टाकायचे. म्हणजे बाराव्या-तेराव्या वर्षापासून या मुलासमोर पान आलं ते आधी रिकाम्या चौकटीच्या रूपात. चौकट ठरलेली, मजकूर रोज वेगळा.

१८५१ पासून तो मोठा भाऊ ओरायन याच्या वर्तमानपत्रात काम करू लागला आणि १८५३ मध्ये घर सोडून सेंट लुइस, न्यूयॉर्क, फिलाडेल्फिया असा खिळे जुळवत फिरला. मग १८५७ मध्ये डोक्यात आगबोट शिरली. मिसिसिपीवरच्या बोटींचा पायलट व्हायचं त्याने ठरवलं आणि दोन वर्षांच्या उमेदवारीनंतर १८५९ मध्ये लायसन मिळवलं. पायलटला नदीचं प्रत्येक वळण, प्रत्येक उथळ जागा तोंडपाठ लागायची, आणि नदी तर पात्र बदलत राहायची. म्हणजे रोज बदलणारं ड्रॉइंग पाठ करायचं! आपली व्हायवा त्यापुढे काहीच नाही. १८६१ मध्ये यादवी युद्ध सुरू झालं, नदीवरची वाहतूक थांबली आणि ही नोकरी गेली. पण टोपणनाव त्याला नदीनेच दिलं. बोटीवर पाण्याची खोली दोन वाव, म्हणजे १२ फूट भरली की मार्क ट्वेन अशी आरोळी द्यायचे. फेब्रुवारी १८६३ पासून नेवाडातल्या एका वर्तमानपत्रात तो या नावाने लिहू लागला. त्याआधी चांदीच्या खाणीत नशीब काढायचा प्रयत्न करून झाला होता. त्यात काही निघालं नाही.

पुढे तो प्रवासात राहून वर्तमानपत्रांना पत्रं पाठवायचा आणि छापून आलेल्या पत्रांची कात्रणं घरचे जपून ठेवायचे. १८६७ मध्ये क्वेकर सिटी नावाच्या जहाजातून तो युरोप आणि पॅलेस्टाईनला गेला. त्या प्रवासातल्या पत्रांवरूनच १८६९ चं दि इनोसंट्स अब्रॉड हे पुस्तक तयार झालं. छापील कात्रण घ्यायचं, कागदावर चिकटवायचं, बाजूच्या समासात दुरुस्त्या करायच्या, मध्ये नवीन मजकूर घालायचा. आपण ज्याला कट-पेस्ट म्हणतो ते तो खऱ्या कात्रीने आणि खऱ्या खळीने करत होता.

आणि खळीनेच घोळ होता. त्या काळी अमेरिकेत घरोघर चिकटवह्या असत. कविता, बातम्या, रंगीत चित्रं, मृत्यूच्या नोंदी, सगळं त्यात जायचं. पण हवी तेव्हा खळ सापडायची नाही. सापडली तर वाळलेली. ओली असली तर इतकी की पानं एकमेकांना चिकटायची. ट्वेनने १८७२ मध्ये यावर उपाय काढला आणि २४ जून १८७३ रोजी त्याला पेटंट मिळालं, नंबर १,४०,२४५. कल्पना अगदी साधी. वहीच्या पानांवर आधीच डिंक लावून वाळवून ठेवायचा. कात्रण लावायचं असेल तेवढीच जागा ओली करायची आणि दाबायचं. बस्स! पोस्टाच्या तिकिटामागचा डिंक त्याने पानावर आणून ठेवला, एवढंच. या वहीमुळे खळ शोधताना तोंडातून बाहेर पडणाऱ्या शिव्या वाचतील आणि देशाची नीतिमत्ता सुधारेल, अशी त्याने स्वतःच तिची जाहिरात केली.

बाजारात आलेल्या वह्यांत हा डिंक पानावर उभ्या पट्ट्यांच्या स्वरूपात होता, वर्तमानपत्राच्या कॉलमसारखा. पान दोन कॉलमचं की तीन, हे वहीच सांगायची. माझ्या मते तर हे तयार लेआउट स्केचच आहे, पेन्सिलीऐवजी डिंकाने काढलेलं. डोक्यात वर्षानुवर्षं कॉलम घेऊन फिरलेल्या कंपोझिटरलाच हे सुचणार. न्यूयॉर्कच्या डॅन स्लोटच्या कंपनीने या वह्या बनवल्या. हा स्लोट क्वेकर सिटीवर त्याच्याच केबिनमध्ये होता. वह्या तडाखेबंद खपल्या. १९०१ पर्यंत त्यांचे पन्नासहून जास्त प्रकार निघाले होते. १८८५ मध्ये एका वर्तमानपत्राने लिहिलं की ट्वेनने सगळ्या पुस्तकांवर मिळून दोन लाख डॉलर कमावले आणि या एका कोऱ्या वहीवर पन्नास हजार. आकडा जरा फुगवलेला वाटतो, पण वही चालली हे नक्की.

वर्गातल्या भांडणाचं माझं उत्तर मला इथे मिळालं. हजारो घरांत तेच पट्टे, तेच कॉलम असलेली वही गेली. पण कुणी त्यात युद्धाच्या बातम्या लावल्या, कुणी पाककृती, कुणी मेलेल्या भावाची पत्रं. पट्टे एकसारखे म्हणून वह्या एकसारख्या झाल्या नाहीत. जर्नल उतरवताना आपण मजकूर उचलतो. स्केच बघून पान करताना नुसत्या रिकाम्या जागा उचलतो. (हा मुद्दा मांडल्यावर विरुद्ध गट दोन मिनिटं गप्प होता. नंतर चहा आला.)

ट्वेनची बाकीची दोन पेटंट पटकन सांगून टाकते. १८७१ चं कपड्यांना लावायच्या, कमी-जास्त करता येणाऱ्या पट्ट्याचं आणि १८८५ चं इतिहासाच्या सनावळ्या पाठ करायच्या खेळाचं. दोन्ही फारशी चालली नाहीत. मधल्या काळात १८७० मध्ये ऑलिव्हियाशी लग्न, १८७४ मध्ये हार्टफर्डला मोठं घर, १८७६ मध्ये टॉम सॉयर, अमेरिकेत १८८५ मध्ये हकलबरी फिन. पहिला मुलगा लहानपणीच गेला होता. सूझी, क्लारा आणि जीन या तीन मुली. पैसा, नाव, घर सगळं होतं. आणि नेमकं तेव्हा त्याला जेम्स पेज भेटला.

आडनाव पेज, आणि काम पानं जुळवणारं यंत्र बनवणं! पेजने असं यंत्र काढलं होतं की ते खिळे उचलेल, जुळवेल, ओळ दोन्ही कडांना टेकवेल आणि वापरलेले खिळे परत कप्प्यात टाकेल. जे काम ट्वेनने लहानपणी बोटांनी केलं होतं तेच सगळं यंत्र करणार. त्याच्यासारख्या माणसाला याची भुरळ पडली नसती तरच नवल. १८८० च्या सुमारास त्याने पहिले काही हजार डॉलर घातले. मग घालतच राहिला. यंत्र आधी कोल्टच्या कारखान्यात आणि मग प्रॅट अँड व्हिटनीमध्ये बनत होतं. आपल्याला हे नाव विमानाच्या इंजिनांमुळे माहीत आहे, पण मूळची ती मशीन टूल्स बनवणारी कंपनी. यंत्रात सुमारे १८,००० सुटे भाग होते. टॉलरन्सचा विचार करूनच माझ्या पोटात गोळा येतो.

यंत्र चालत नव्हतं असं मात्र नाही. ५ जानेवारी १८८९ रोजी दुपारी १२ वाजून २० मिनिटांनी त्याने एक ओळ जुळवून दोन्ही कडांना नेमकी टेकवली. ट्वेनने ती वेळ वहीत नोंदवून ठेवली. टेलिफोन, आगगाडी वगैरे सगळे शोध त्याला त्या क्षणी यापुढे फिके वाटत होते. चालायचं तेव्हा ते यंत्र माणसापेक्षा कितीतरी वेगाने चालायचं. पण पेजला दर वेळी काहीतरी नवीन सुधारणा सुचायची आणि यंत्र पुन्हा उघडलं जायचं. तो बोलण्यात इतका गोड होता की प्रत्येक वेळी ट्वेन आणखी पैसे देऊन बाहेर पडायचा. आपल्याकडे प्रोजेक्टला सर ओरडतात, डिझाइन फ्रीझ करा, आता पुढे बदल नाहीत. पेजला असं ओरडणारं कोणी नव्हतं. ट्वेन ते करू शकला असता, पण तो यंत्राच्या प्रेमात पडला होता.

तोपर्यंत ऑट्मर मर्गेनथेलर नावाच्या घड्याळजीने वेगळाच मार्ग काढला होता. सुटे खिळे जुळवण्याची नक्कल करायचीच कशाला? त्याचं लिनोटाइप अक्षरांचे साचे ओळीने लावायचं, मध्ये पाचरी सरकवून ओळ टेकवायचं आणि वितळलेला धातू ओतून अख्खी ओळच एका तुकड्यात ओतायचं. छापून झालं की ओळ वितळवून टाकायची. खिळे परत कप्प्यात टाकायचा प्रश्नच मिटला. १८८६ मध्ये ते न्यूयॉर्क ट्रिब्यूनच्या छापखान्यात लागलंसुद्धा. पेजच्या यंत्राची खरी परीक्षा १८९४ मध्ये शिकागोच्या हेरल्डमध्ये झाली. कागदावर ते लिनोटाइपपेक्षा वेगवान होतं, पण १८,००० भागांपैकी एक ना एक रोज मोडायचा. खेळ तिथेच संपला. त्याचा एक नमुना हार्टफर्डला ट्वेनच्या घराच्या म्युझियममध्ये ठेवलेला आहे. ट्वेनचे यात साधारण तीन लाख डॉलर बुडाले असं धरतात. त्यात त्याच्या पुस्तकांची कमाई होती आणि ऑलिव्हियाला माहेरून मिळालेला पैसाही. एका डिंकाच्या पट्टीने कमावलं आणि १८,००० भागांनी घालवलं!

त्याच वर्षी, एप्रिल १८९४ मध्ये, त्याची प्रकाशन कंपनीही बुडाली. देणं सुमारे एक लाख डॉलरचं. स्टँडर्ड ऑइलच्या हेन्री रॉजर्सने व्यवहार हातात घेऊन त्याला सावरलं. कायद्याने थोडंफार देऊन सुटता आलं असतं, पण सगळ्यांची पै न् पै फेडायची असं त्याने आणि ऑलिव्हियाने ठरवलं. साठीला टेकलेला, खोकल्याने बेजार माणूस जुलै १८९५ मध्ये जगभर व्याख्यानं द्यायला निघाला. बरोबर ऑलिव्हिया आणि क्लारा. सूझी आणि जीन अमेरिकेतच मावशीकडे राहिल्या.

ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंड, सिलोन करत जानेवारी १८९६ मध्ये तो आपल्या मुंबईत आला आणि वॉटसन्स हॉटेलात उतरला. काळा घोड्याजवळची ही इमारत मेकॅनिकल-सिव्हिलवाल्यांनी जरूर माहीत करून घ्यावी. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा १८६० च्या दशकात इंग्लंडमध्ये तयार करून, सुट्या भागांत जहाजाने आणून इथे जोडलेला आहे. सगळे भाग बसले, बरं का! ट्वेन गेल्यावर सहाच महिन्यांत, ७ जुलै १८९६ रोजी, याच हॉटेलात ल्युमिए बंधूंचा भारतातला पहिला सिनेमा दाखवला गेला. यंत्रांचा इतका वेडा माणूस, थोडक्यात हुकला. मुंबईत त्याने व्याख्यानं दिली, मलबार हिल बघितला, पारशांचे दखमे बघितले. पण त्याचा सगळ्यात जास्त जीव जडला तो मुंबईच्या कावळ्यांवर. गॅलरीत येऊन आपल्याकडे बघत आपल्या कपड्यांवर चर्चा करणारे हे कावळे त्याने आपल्या प्रवासवर्णनात मोठ्या प्रेमाने रंगवले आहेत. ते पुस्तक म्हणजे १८९७ चं फॉलोइंग द इक्वेटर. मुंबईकरांनी वाचाच.

दौरा जुलै १८९६ मध्ये संपला. आई-वडील इंग्लंडमध्ये मुलींची वाट बघत होते. सूझी आजारी असल्याचं कळल्यावर ऑलिव्हिया आणि क्लारा जहाजाने निघाल्या. त्या समुद्रात असतानाच, १८ ऑगस्ट १८९६ रोजी, हार्टफर्डच्या त्याच घरात सूझी मेंदूज्वराने गेली. ती २४ वर्षांची होती. ट्वेनला ते इंग्लंडमध्ये तारेने कळलं, तेव्हा तो एकटा होता. १८९८ पर्यंत सगळं कर्ज फिटलं. वर्तमानपत्रांनी त्याचा केवढा गौरव केला. पण त्या घरात ते लोक पुन्हा कधी राहिले नाहीत. १९०४ मध्ये ऑलिव्हिया गेली आणि १९०९ मध्ये नाताळच्या आदल्या दिवशी जीन. २१ एप्रिल १९१० रोजी तो स्वतः गेला. त्याच्या जन्माच्या वेळी आलेला हॅलेचा धूमकेतू तेव्हा परत आलेला होता.

शेवटच्या काही वर्षांत त्याने आत्मचरित्र सांगायला घेतलं होतं. बरेचसे भाग १९०६ पासून, रोज सकाळी, बहुतेक वेळा अंथरुणात बसून. आणि यात त्याने कॉलम आणि चौकट दोन्ही सोडून दिली. जन्मापासून क्रमाने सांगायचं नाही. आज जे आठवेल ते सांगायचं, कंटाळा आला की विषय सोडायचा, मध्येच आजच्या पेपरातलं कात्रण घालायचं, एखादं जुनं पत्र घालायचं. म्हणजे चिकटवहीच, पण पट्ट्यांशिवाय. विरुद्ध गटाला हा मुद्दा मी अजून सांगितलेला नाही, कारण तो त्यांच्या बाजूचा आहे. संपूर्ण आत्मचरित्र आपल्यामागे शंभर वर्षं छापू नये अशी त्याची इच्छा होती. त्याचा पहिला खंड २०१० मध्ये आला.

या आत्मचरित्रात त्याने सूझीची वही जागोजागी घातली आहे. १३ वर्षांची असताना, १८८५ मध्ये, तिने गुपचूप वडिलांचं चरित्र लिहायला घेतलं होतं. स्पेलिंगच्या चुका भरपूर. त्याने त्यातली एकही दुरुस्त केली नाही. जन्मभर दुसऱ्यांच्या मजकुराचे खिळे जुळवलेल्या, प्रुफं तपासलेल्या माणसाने तिचा प्रत्येक तुकडा जसाच्या तसा लावला आणि बाजूला आपली आठवण सांगितली. तिची वही जुलै १८८६ मध्ये संपते. सगळे आगबोटीने आजीच्या गावी पोचले आहेत, प्रवास कसा झाला ते ती सांगायला लागते, आणि वाक्य अर्ध्यावरच राहतं.